आधी पोट बघा, मग गरी टाका: कोकणातला गोड्या पाण्यातला मासा कधी काय खातो

गरवायला सुरुवात करणाऱ्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, गरीला काय लावू? आणि उत्तर पण ठरलेलं, गांडूळ लाव नाहीतर कणकेची गोळी. मग तीच गोळी मृगात, तीच दिवाळीत आणि तीच मे महिन्यात, आणि मासा लागला नाही की म्हणायचं वहाळात आता मासा राहिलाच नाही. अहो मासा असतो, पण त्याचं खाणं दर दोन-तीन महिन्यांनी बदलतं, बसायची जागा बदलते, खायची वेळ बदलते, आणि वर्षातले काही दिवस असे असतात की तो खाण्याच्या मनःस्थितीतच नसतो. त्या दिवसांत त्याला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे, का ते पुढे सांगतो.

इथे जे लिहितोय ते सगळं गोड्या पाण्याचं, म्हणजे वहाळ, पऱ्ये (लहान ओढे), नदीतले कोंड (खोल डोह), गावची तळी, भाताचे मळे आणि खाली खाजणाकडे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीकडे, पाणी मचूळ व्हायला लागतं तिथपर्यंत. माशांची नावं गावागणिक बदलतात, तेव्हा तुमच्याकडे वेगळं नाव असेल तर तोंड आणि अंग बघून जुळवून घ्या.

खाणं ओळखायचं कसं

आधी तोंड बघा. वरच्या बाजूला वळलेलं असेल तर तो वरच्या थरातला, दांडवण बघा, पाण्यावर पडलेला किडा टिपून घेतो. तोंड खाली असेल तर तळाचा, यात मळ्या म्हणजे अगदी पक्का नमुना, ओठ खालच्या अंगाला आणि दिवसभर दगडाला चिकटून शेवाळ खरवडत असतो, त्याला गांडूळ दाखवून फारसा उपयोग नाही. शिंगटीसारख्या मिशा असतील तर तो वासावर आणि चवीवर चालतो, गढूळ पाण्यात आणि रात्री त्याचीच चलती. आणि तोंड मोठं, जबड्यात अणकुचीदार दात, अशी मरळ किंवा तिचा छोटा भाऊबंद डाकू असेल तर त्याला जिवंत, हलणारं लागतं.

पण तोंडावरून कळतं तो काय खाऊ शकतो ते. आज काय खाल्लंय ते पोटातच कळणार. माझ्या ओळखीचे एक जुने गरवणारे आहेत, ते पहिला मासा लागला की तिथेच बसून चिरतात आणि म्हणतात, "पोटात काय आसा ता बघ आधी, मगे गरी टाक." मी पण तेच करतो आता. घरी साफ करत असाल तर आतडी मांजराला टाकायच्या आधी पाच मिनिटं द्या. पांढऱ्या ताटलीत बोटभर पाणी घ्या, ब्लेडने आतडं उभं चिरा आणि आतला ऐवज पाण्यात हलकेच झटका, लगेच पसरतो. मुंग्यांची डोकी काळी चकचकीत दिसतात, ती पचत नाहीत म्हणून शेवटपर्यंत टिकतात, भुंग्यांच्या पाठीच्या टोप्या पण तशाच. तांबड्या दोऱ्याचे तुकडे दिसले तर त्या चिखलातल्या अळ्या. हिरवा लगदा म्हणजे शेवाळ, तपकिरी चिकट गाळ म्हणजे तळातला कुजका पालापाचोळा, आणि केसासारख्या लांब मिशा निघाल्या की समजायचं झिंगे खाल्लेत.

यात एक लक्षात ठेवा, खवळ, मळ्या, दांडवण, रोहू, कटला हे सगळे एकाच मोठ्या कुळातले, यांना पोटाची वेगळी पिशवी नसतेच, घशापासून सरळ आतडं सुरू होतं आणि दात असतात ते घशात, त्यामुळे आत जे जातं ते चिरडूनच जातं. मरळीला मात्र पोटाची पिशवी असते, तिच्यात अख्खा मासा, नाहीतर बेडकाचा पाय ओळखू येईल असा सापडतो. आतड्याची लांबी पण बघा. शेवाळ आणि गाळ खाणाऱ्याचं आतडं अंगाच्या कितीतरी पट लांब, घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वेटोळं करून ठेवलेलं असतं, आणि मासे खाणाऱ्याचं अगदी आखूड. एकदा हे बघितलंत की कणकेची गोळी कोणाला आणि झिंगा कोणाला हे वेगळं सांगायला लागत नाही.

मृग ते आर्द्रा: गरी भिंतीला टांगून ठेवा

जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो, वहाळाला लोंढा येतो आणि मासे चढायला लागतात. रायगडकडे वलगण म्हणतात, आमच्याकडे चढणीचे मासे. उन्हाळाभर कोंडात अडकून बसलेला मासा नव्या पाण्याचा वास लागला की उलट्या दिशेने वर सुटतो, धबधब्यावरून उड्या मारतो, बांधावरून सरपटत मळ्यात शिरतो. कशासाठी? अंडी घालायला. मळ्यातलं उथळ पाणी लवकर तापतं, त्यात सूक्ष्म जीव आणि किडे भरपूर वाढतात, मोठे शिकारी मासे कमी, म्हणजे पिल्लांना खायला भरपूर आणि खाणारे थोडे. या कुळातल्या माशांची अंडी उबदार पाण्यात साधारण एक-दोन दिवसांत फुटतात, त्यामुळे मळ्यात पाणी थोडे दिवस जरी टिकलं तरी काम होतं.

आता मुद्दा असा की चढणीच्या माशाचं पोट चिरलं तर आतडं जवळजवळ रिकामं मिळतं आणि बाकी सगळी जागा अंड्यांनी भरलेली. त्याचं लक्ष खाण्यात नसतं. म्हणून या दिवसांत गरवून फार काही हाती लागत नाही, आणि मग लोक पाग म्हणजे फेकायचं जाळं टाकतात, वाट अडवून बांबूचे सापळे लावतात, रात्री बॅटरी घेऊन कोयत्याने मारतात. वर्षानुवर्षांची हौस आहे ही, मला कळतं, पहिल्या पावसात सगळी वाडी वहाळावर असते आणि त्या रात्रीच्या कालवणाची चव पण मला माहितीय. पण जरा विचार करा, आपल्या नद्या किती आखूड, सह्याद्रीतून निघाल्या की लगेच समुद्र, आणि उन्हाळ्यात त्यातले मोजके कोंडच काय ते जिवंत राहतात. त्या कोंडांतून वाचलेले मासे हेच सगळ्या वहाळाचं बियाणं, आणि ते आपण अंड्यांसकट तव्यावर टाकतो, आणि मग सप्टेंबरात विचारतो मासा कुठे गेला.

समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते ती याच कारणासाठी, वहाळाला ती बंदी आपणच घालून घ्यायची. माझा नियम साधा, आर्द्रा निघेपर्यंत, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा जाईपर्यंत, चढणीच्या वाटेवर गरी नाही, पाग नाही. अगदीच राहवत नसेल तर खालच्या मोठ्या नदीत रात्री शिंगटीला बसा, आणि तिच्यात पण पोट टम्म फुगलेली मादी लागली तर सोडून द्या.

मरळीचं तर आणखी जपायला हवं. पावसाळ्यात तळ्यात एखाद्या ठिकाणी तांबूस-केशरी पिल्लांचा घोळका पाण्यावर बुडबुडताना दिसतो, त्याच्या खाली आई-बाप पहाऱ्यावर असतात. तिथे रबरी बेडूक टाकला की मरळ धाडकन घेते आणि आपल्याला वाटतं काय भूक लागलीय हिला. भूक कसली, ती पिल्लांवर आलेलं संकट समजून धावते. ती ओढून काढली की ती सगळी पिल्लं उघड्यावर पडतात, दुसऱ्या माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातात. डाकूचा नर तर अंडी-पिल्लं तोंडात घेऊन फिरतो. तेव्हा केशरी घोळका दिसला की जागा सोडायची, यात दुसरा विचार नको.

आषाढ-श्रावण: आता खरी भूक

अंडी घालून झालेला मासा परत फिरतो तेव्हा उपाशी असतो आणि पाणी त्याच्यासाठी वाढून ठेवल्यासारखं भरलेलं असतं. लावणीच्या चिखलणीत गांडुळं वर येतात, बांधावरच्या मुंग्यांची वारुळं बुडतात, संध्याकाळी पंख फुटलेली वाळवी दिव्यावर येते तशी पाण्यावर पण पडते, पालवीवरच्या अळ्या वाऱ्याने गळतात. या काळातल्या माशाच्या पोटात बहुतेक सगळं जमिनीवरचं खाणं निघतं, आणि गांडूळ हे आमिष खऱ्या अर्थाने चालतं ते याच दोन महिन्यांत.

जागा कुठली? मळ्यातलं पाणी बांधावरून जिथे वहाळात पडतं ती. पडणाऱ्या धारेच्या बरोबर खाली फेस असतो, तिथे गरी टाकलीत तर वाहून जाईल, धारेच्या बाजूला पाणी जिथे मागे वळतं, पालापाचोळा गोल फिरत राहतो, तिथे मासा तोंड धारेकडे करून उभा असतो आणि वरून येणारं टिपतो. गांडूळ वरून सोडा, शिसं कमी लावा, पाण्यालाच ते आत नेऊ द्या. पाणी चहासारखं लाल असेल तेव्हा दांडवण-खवळांच्या नादी लागू नका, ते डोळ्यांवर चालणारे, त्यांना दिसत नाही. त्या दिवशी शिंगटी आणि वाम. संध्याकाळनंतर, तळाला, गांडुळांचा झुबका नाहीतर कोंबडीची आतडी. वाम दगडांच्या कपारीत नाहीतर चिखलात तोंड खुपसून असते, लागली की लगेच ओढा, एकदा कपारीत अडकली की तंगूस (गरीची नायलॉन दोरी) तुटतो पण ती येत नाही.

पाऊस दोन-तीन दिवस उघडला आणि पाणी निवळलं की हुमल्यांची, म्हणजे झाडावरच्या तांबड्या मुंग्यांची, अंडी वापरून बघा, बारीक गरी, १४-१६ नंबरची, आणि शिसं नाहीच. छोटे खवळ आणि दांडवण तुटून पडतात.

भादवा ते कापणी: वर्षातला सगळ्यात चांगला काळ

मला विचाराल तर गणपती झाल्यापासून दिवाळीपर्यंतचे दिवस म्हणजे गरवणाऱ्याचा सीझन. उत्तरा-हस्ताच्या सरी पडून जातात, पाणी स्वच्छ पण भरलेलं, ऊन-पाऊस आळीपाळीने, आणि मासा पुढच्या कोरड्या दिवसांसाठी अंगावर चरबी चढवत असतो. या दिवसांत चिरलात तर आतड्याभोवती पांढरट चरबी दिसेल, जूनच्या माशात ती नसते.

खाणं काय, तर भात पोटरीला आलं की नाकतोडे आणि बाकीचे शेतातले किडे, पाण्यात गोगलगायीची पिल्लं, झिंगे, आणि मोठ्या माशांना यंदाचीच लहान पिल्लं. बांधाच्या कडेला गवत पाण्यावर झुकलेलं असतं तिथे छोटा नाकतोडा गरीला लावून वजनाशिवाय सोडा, तो पाय झाडतो, पाण्यावर कडी उमटतात आणि खालून घेतला जातो. मरळीला आता रबरी बेडूक टाकायला हरकत नाही, पिल्लं पांगलेली असतात. खरा बेडूक लावू नका, मोठा पिवळा बेडूक वन्यजीव संरक्षण कायद्यात येतो, शिवाय तो शेतातले किडे खातो, त्याला तिथेच राहू दे.

कापणीआधी मळ्यातलं पाणी सोडतात ते दिवस चुकवू नका. मळ्यात वाढलेली सगळी बारीक मासळी त्या पाण्याबरोबर वहाळात उतरते आणि वहाळाच्या तोंडाशी मरळ, शिंगटी वाट बघत असतात. तिथे एखादा झिंगा किंवा छोटा चमचा-लूर (चमच्यासारखं धातूचं खोटं आमिष) टाकलात की काम होतं. शेतात औषध मारलेलं असेल तर मात्र त्या बाजूचा मासा घेऊ नका, शेतकऱ्याला सरळ विचारा, लोक सांगतात.

थंडी

थंडीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कोकणातली थंडी ती केवढी, पण माशाचं रक्त पाण्याइतकंच गार, त्यामुळे पहाटे पाणी गारठलं की पचन मंदावतं आणि तो कमी खातो. भल्या पहाटे कुडकुडत बसू नका, अकरा ते चारमध्ये जा. वहाळावर मातीचे, गोणपाटाचे बंधारे घातलेले असतात, त्यांच्या मागे पाणी साठतं, ऊन खाऊन तिथे शेवाळ धरतं आणि खवळ तिथेच चरतात. कणकेची गोळी आता काढा, किंचित हळद आणि शिळा भात मिसळून, वाटाण्यापेक्षा लहान. वायंगणी म्हणजे उन्हाळी भाताची शेतं असतील तिथे पाणी मार्चपर्यंत असतं, त्याच्या पाटांकडे लक्ष ठेवा.

चिपळूणकडच्या मंडळींचं थोडं वेगळं आहे. वाशिष्ठीला कोयनेचं वीज तयार करून सोडलेलं पाणी येतं, त्यामुळे भर हिवाळ्या-उन्हाळ्यात पण पाण्याची चढ-उतार चालू असते, आणि पाणी चढायला लागलं की कडेचा चारा हलतो आणि मासा कडेला येतो. पण तिथे पाण्यात उतरायचं नाही. पाणी अचानक वाढतं हे एक आणि मगरी आहेत हे दुसरं. महाडला सावित्रीत पण मगरी आहेत. काठापासून मागे, उंचावर बसा, मासे तिथेच काठावर साफ करू नका.

उन्हाळा: खाणं कमी, श्वासाची मारामार जास्त

गार पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. २० अंशाला लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला जेमतेम साडेसात. त्यात तळ्यात पाणवनस्पती असतील तर त्या रात्री प्राणवायू सोडत नाहीत, उलट वापरतात, म्हणून उजाडताना तो सगळ्यात कमी असतो. एप्रिल-मे मध्ये पहाटे तळ्यावर गेलात आणि मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले तर ते खात नाहीयेत, ते गुदमरतायत. तेव्हा गरी टाकून काही होत नाही. ऊन वर येऊन वनस्पती कामाला लागल्या की दोन-तीन तासांनी खायला लागतात. वाहत्या वहाळात आणि सावलीच्या कोंडात मात्र पहाटेच चांगलं. मरळ आणि डाकू हवेतून श्वास घेतात त्यामुळे त्यांना या सगळ्याचा फरक पडत नाही, चिखल होईपर्यंत ते शिकार करत असतात.

कोंडाच्या काठावर उंबर असेल तर फळं पडायच्या वेळी तिथे बसा, खडस आणि मोठे खवळ पडलेलं उंबर सोडत नाहीत. मेअखेरीला जांभळाचं पण तसंच. फळ पडल्याचा डुबुक आवाज आला की पाणी हलतं की नाही बघा, हललं तर खाली मासा आहे.

पण उन्हाळ्यात कोंडातून दोन-चारच घ्या. आधी लिहिलं तसं हेच बियाणं आहे. आणि कोंडात ब्लीचिंग पावडर टाकणं, जिलेटिनचा बार लावणं, करंट सोडणं हे जे चालतं त्याबद्दल मला काही मऊ शब्दात लिहिता येत नाही. कायद्याने गुन्हा आहेच, पण त्यात पिल्लं, झिंगे, अळ्या, शेवाळ सगळं मरतं आणि पुढच्या पावसात चढायला कोणी उरत नाही. बघितलंत तर ग्रामपंचायतीला कळवा, गप्प बसू नका.

खाजणाकडे

मचूळ पाण्यात नक्षत्रापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. काळुंदर शेवाळ आणि गाळातलं खातं, भरतीचं पाणी चढताना बांधाच्या दगडांवर चरायला येतं, त्याला शेवाळाचाच पुंजका नाहीतर मऊ कणीक लावा. अलिबाग-पेणच्या खारेपाटात तळ्यांमध्ये जिताडा वाढवतात, तो पक्का मांसाहारी, जिवंत झिंगा आणि छोटे मासे. आणि तिलापिया, हा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणला, आता बऱ्याच तळ्यांत आहे. शेवाळ, गाळ, दुसऱ्या माशांची अंडी काही म्हणून सोडत नाही आणि बारा महिने खातो. हा लागला की परत सोडू नका, कितीही लहान असो, आणि मुलांना शिकवायचं असेल तर याच्यावरच शिकवा, पाहिजे तेवढे पकडू दे.

सामान आणि काळजी

सामान फार लागत नाही. चिव्याची (बारीक बांबूची) सरळ काठी, तंगूस, बारीक आणि मध्यम गऱ्या, चिमूटभर शिसं, मोराच्या पिसाची काडी फ्लोटला. शिंगटीला ८-१० नंबरची गरी, मरळीला १/० च्या पुढे. शिंगटीचे काटे पंखात असतात, कपड्याने धरा, टोचले तर हात गरम पाण्यात बुडवा, ठणका कमी होतो. पावसाळ्यात पायाला जखम असेल तर मळ्यात उतरू नका, लेप्टोची (दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) भीती खरी आहे, गमबूट घाला, आणि उतरल्यावर महिनाभरात ताप आला तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना पाण्यात उतरलो होतो हे आठवणीने सांगा.

मोठ्या तलावांचा ठेका बहुतेक मच्छीमार सोसायटीकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका, त्यांनी पैसे भरून बीज सोडलेलं असतं. कटला वरच्या थरात, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी खातो, त्यामुळे परवानगी मिळाली तर फ्लोट वर-खाली करून त्याप्रमाणे टाका. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाची जागा २०२१ पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे, तिथल्या छोट्या माशासाठीच, तिथे गरी न्यायचीच नाही. देवाच्या कोंडांत पण नाही.

महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे, वरदायिनीच्या देवळाचे मासे म्हणून तिथे कोणी धरत नाही. गरी घरी ठेवून तिथे एकदा जाच, आणि नुसतं बघा. लोक दाणे टाकतात तेव्हा कुठला मासा तरंगता दाणा वरून उचलतो, कुठला तो बुडायची वाट बघत मध्ये थांबतो आणि कुठला तळाशी गेल्यावरच तोंड लावतो, हे इतक्या जवळून आणि इतक्या स्वच्छ पाण्यात दुसरीकडे दिसणं कठीण. पाऊस संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्यात एकदा असं गेलात तर त्याच माशांच्या खाण्यात केवढा फरक पडतो ते पण दिसेल.